गाऱ्हाण्यांची भिशी

इंदूरच्या मुलीने पोह्यांवर शेव घेतली नाही, तेव्हा मला कळलं की घरात काहीतरी बिघडलं आहे.

कुणी हसेल तर हसू दे. आमची सून इंदूरची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात साड्यांच्या बॅगेपेक्षा शेवेची पिशवी जड होती. रविवारी पोहे झाले की ती आधी शेव घालणार, मग लिंबू पिळणार, मग पुन्हा शेव. पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, "अगं, खालचे पोहे दिसू तरी देत." तर म्हणाली, "आई, पोहे दिसले म्हणजे कंजूसी झाली." अशी ती. आणि त्या थंडीतल्या रविवारी शेवेचा डबा समोर असून तिने उघडलाच नाही. नुसते पिवळे पोहे चमच्याने ताटलीच्या या कडेकडून त्या कडेकडे नेत राहिली. आमच्या ह्यांचं डोकं पेपरात होतं. मुलगा मंडीदीपच्या कारखान्यातल्या कुठल्याशा मशीनबद्दल फोनवर तावातावाने बोलत होता. पाहिलं फक्त मी.

मग मी लक्ष ठेवायला लागले. तर दिसलं की न्हाणीघरातलं तिचं गाणं बंद झालं आहे. शाळेतून शिकवून आली की पर्स खांद्यावर तशीच ठेवून पलंगाच्या कडेवर बसून राहते. कामं सगळी करते, बोलते गोड, रागवत मुळीच नाही. सून मुळीच रागवत नाही हे ऐकून काही सासवांच्या तोंडाला पाणी सुटेल. मला मात्र भीतीच वाटली.

आणि भीती वाटली की मी काय करते? सल्ला देते.

इथे मला एका बाईची ओळख करून द्यायला हवी. ती बाई म्हणजे तरुणपणची मीच. पण हल्ली तिच्याशी नातं सांगायला जरा अवघड वाटतं, म्हणून मी तिला 'शहाणी' म्हणते. शहाणी साताऱ्याहून लग्न होऊन भोपाळला आली, बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये. नवरा कारखान्यात इंजिनीअर. क्वार्टरची लांब ओळ, दोन घरांत एक भिंत, आणि ओळीत आम्ही चार-पाच मराठी बायका. कुणाला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. जी जिथून आली ती तिथली: ग्वाल्हेरच्या वहिनी, नागपूरची, चिपळूणच्या काकू. मी साताऱ्याची. आणि या साताऱ्याच्या शहाणीकडे जगातल्या प्रत्येक दुःखावर तोडगा तयार असे.

नवऱ्याची रात्रपाळी असली की कुणाला झोप येत नसे. शहाणी सांगे, "जागीच आहेस तर लसूण सोलून ठेवत जा." बाळंतपणानंतर कुणी उगाचच रडे. शहाणी सांगे, "थालीपीठ खा, वर लोण्याचा गोळा घे, बघ कसं बरं वाटतं." आणि सगळ्यांवर मिळून एकच रामबाण होता: मन रमवा! त्यासाठी तिने अख्ख्या ओळीला क्रोशे शिकवलं. त्या वर्षी बरखेड्याच्या त्या ओळीत एकही रेडिओ झालरीशिवाय उरला नाही. दुःखं होती तिथेच होती, फक्त त्यांच्यावर विणलेला रुमाल आला.

तर ही शहाणी मेलेली नाही. ती माझ्यात राहते आणि संधी मिळाली की तोंड उघडते.

"अगं, तुझं ते बी-ट्वेल्व्ह बघून घे एकदा," मी सुनेला म्हटलं.

"पाहिलं आई. नॉर्मल आहे."

"मग थायरॉइड असेल."

"तेही झालं."

"लेक हॉस्टेलला गेला ना, म्हणून घर खायला उठत असेल. मन रमव कशात तरी. मी म्हणते, भरतकाम…"

ती हसली. "हो आई, बघते हं," म्हणाली आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. ही मुलगी दार आपटणारी. आमच्या चौकटीला चीर गेली आहे ती तिनेच पाडलेली. त्या दिवशी तिने ते इतक्या हळू लावलं की कडीचा आवाजसुद्धा झाला नाही. मी बाहेर उभी राहिले. तिच्या मनात काय चाललं आहे ते ती कुणाला तरी सांगेल का, आणि फार उशीर व्हायच्या आत सांगेल का, एवढी एकच काळजी मला त्या दिवसापासून लागली. आणि ज्याला सांगायचं तो 'कुणीतरी' मी नाही, हे त्या दाराने मला स्पष्ट सांगितलं होतं.

संक्रांतीनंतर ग्वाल्हेरच्या वहिनींकडे हळदीकुंकू होतं. क्वार्टर सुटून आम्हाला सगळ्यांना खूप वर्षं झाली; पण घरं बांधली ती आजूबाजूलाच, त्यामुळे ओळ तुटली नाही, नुसती विस्कटली. वहिनी आता ऐंशीच्या आहेत, आणि आवाज अजून कारखान्याच्या भोंग्यासारखा. तिळगूळ वाटून झाला, हल्लीच्या मुलींचा विषय निघाला, आणि माझ्या तोंडून शहाणी बोलली.

"यांना सगळं आहे, तरी या उदास. आपण कुठे उदास होतो? आपण कधी रडलो का सांगा बरं!"

वहिनी तिळगुळाचा डबा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तू नाही रडलीस? तू?"

"मी? छे!"

"अगं साताऱ्याचे, तू मोरीत जाऊन नळ सोडून रडायचीस. अख्खं पहिलं वर्ष! तुझा नळ सुरू झाला की माझ्याकडची धार बारीक व्हायची. मी सासूबाईंना सांगायची, जरा थांबा, तिला रडून घेऊ द्या, मग आपण कपडे धुऊ."

माझ्या तोंडात तिळगूळ होता, तो तिथेच राहिला. एवढी वर्षं मी समजत होते की नळाच्या आवाजात रडण्याची युक्ती जगात फक्त मलाच सुचली होती. एकाच पाइपावर सहा क्वार्टर होते, ही गोष्ट त्या हुशार मुलीच्या डोक्यातच आली नाही. साताऱ्यात आमच्याकडे विहीर होती. विहिरीवर रडलं तर कुणाचं पाणी कमी होत नाही.

सगळ्या हसायला लागल्या. नागपूरची तर डोळे पुसत होती. मी तिच्यावरच घसरले, "तू काय हसतेस? तू रडली नाहीस?"

"मी कांदे चिरायचे जी."

"अगं बाई! म्हणून तुझ्याकडे रोज भजी असायची?"

"मग? एवढ्या कांद्यांचं काय करणार? आमच्या ह्यांना वाटायचं, बायको किती हौशी आहे. रिटायर होईस्तोवर हेच वाटत होतं त्यांना."

चिपळूणच्या काकू फार कमी बोलतात. त्या म्हणाल्या, "मी गच्चीवर जायचे. पापड राखायला."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात फार अवघड जायचं," काकू म्हणाल्या.

त्यावर तर मला श्वास घेता येईना. सत्तरी ओलांडलेल्या बायका, गुडघ्यांना पट्टे, ओटीत हरभरे आणि ऊस, आणि एकमेकींच्या खांद्यावर पडून हसतोय. सगळ्या रडत होतो, प्रत्येकीचं रडणं बाकीच्यांना ठाऊक होतं, आणि संध्याकाळी पायरीवर बसून एकमेकींना सांगत होतो, "आम्ही मजेत, तुम्ही?"

हसू ओसरल्यावर मी वहिनींना विचारलं, "मग तुम्ही दार का नाही वाजवलंत माझं?"

"वाजवलं असतं," त्या म्हणाल्या, "पण तू दार उघडून मला क्रोशे शिकवलं असतंस!"

पुन्हा हशा. मग त्या जरा सावकाश म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा मी तुझ्याकडे येऊन बसले होते. आठवतं? मला नुसतं बसायचं होतं. तू माझ्या हातात सुई दिलीस."

"रुमाल तरी झाला ना?"

"झाला. वाकडा झाला. अजून आहे."

  घरातलं ते हळू लागलेलं दार मला तेव्हा दुसऱ्यांदा ऐकू आलं.

भिशीची कल्पना वहिनींचीच. पूर्वी आमची स्टीलच्या भांड्यांची भिशी होती. चिठ्ठी निघेल तिला डबा नाहीतर पातेलं. आता घराघरांत भांडी ठेवायला जागा नाही. "आता गाऱ्हाण्यांची काढू," वहिनी म्हणाल्या. "जिची चिठ्ठी निघेल तिने बोलायचं. पोटभर. बाकीच्यांनी ऐकायचं. इथलं बाहेर जायचं नाही. आणि सल्ला द्यायचा नाही." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. नियम सोपा केला: ऐकणारीने तोंडात आवळासुपारी ठेवायची आणि 'हं' किंवा 'अगं बाई' एवढंच म्हणायचं. जी सल्ला देईल तिने पुढच्या वेळेला खायला करून आणायचं.

हा शेवटचा नियम निव्वळ स्वार्थाने केलेला होता. माझ्या हातचे साबुदाणेवडे सगळ्यांना आवडतात.

पहिली चिठ्ठी नागपूरचीची निघाली. ती गुडघ्यापासून सुरू झाली, मग फिजिओवाला, मग मुलगा. मुलगा फोन करतो, पण स्पीकरवर टाकून तिकडे दुसरंच काहीतरी करत असतो. मधेच विचारतो, "हं आई, काय म्हणालीस?" माझ्या जिभेखाली आवळा होता, पण आवळ्याला शहाणी थोडीच ऐकते!

"तू त्याला सरळ सांग, की…"

"वडे!" सगळ्या एका सुरात ओरडल्या.

फेब्रुवारीत वडे मी केले. त्या वेळी चिपळूणच्या काकूंना झोपेच्या गोळीबद्दल काही सुचवलं आणि मार्चमध्ये पुन्हा मीच सुरळीच्या वड्या. पण वड्या वळता वळता मला एक गोष्ट दिसायला लागली होती. मध्ये कुणी बोललं नाही की बोलणारी थांबत नाही. आधी येतो गुडघा. मग येतो मुलगा नाहीतर सून. मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येतो, आणि मग ती भीती बाहेर येते जिच्यासाठी गुडघा पुढे केलेला असतो. नागपूरची म्हणाली, "मला वाटतं, मी गेल्यावरसुद्धा तो स्पीकरवरच ऐकेल." एवढं म्हणाली आणि तिची तीच हसली. माझ्या त्या सल्ल्याने मी तिला मुलाच्या फोनपाशीच थांबवणार होते.

मग माझी चिठ्ठी निघाली. मी म्हटलं, "मला काही गाऱ्हाणं नाही. मी मजेत."

 सगळ्या आवळे चघळत बघत राहिल्या. ते बघणं फार वाईट असतं. त्यापेक्षा पोलीस बरे. शेवटी मी सांगितलं. सून माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण सांगत नाही. दिवसेंदिवस वाळत चालली आहे. मला भीती वाटते. आणि मला पहिल्या वर्षीची मोरी आठवते, आणि वाटतं, हिने कुठला नळ सोडला असेल, आम्हाला ऐकूसुद्धा येत नाही.

सांगून झालं. मी वाट बघत बसले.

"अहो, बोला की कुणी! मी काय करू?"

"हं," वहिनी म्हणाल्या.

"अगं बाई," काकू म्हणाल्या.

मी रस्ताभर चिडलेली होते. असल्या मैत्रिणी असण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं काय वाईट, असं ह्यांना सांगितलं. ह्यांनी कानातलं यंत्र काढून ठेवलेलं होतं, त्यामुळे तेही 'हं' म्हणाले. मग मी जेवायला बसले, आणि आदल्या महिनाभरात खाल्ली नव्हती एवढी भाकरी खाल्ली.

एप्रिलमध्ये गव्हाला जायचं असतं. आमचा वर्षाचा गहू अजून करोंदच्या मंडीतून येतो. मुलगा म्हणतो, ऑनलाइन मागव. पण दाणा दाताखाली धरल्याशिवाय मी गहू घेत नाही. त्या शनिवारी शाळेला सुट्टी होती म्हणून गाडी सून चालवत होती. बरखेड्याहून करोंद म्हणजे अख्खं भोपाळ ओलांडायचं. मंडीच्या अलीकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली. समोरच्या ट्रॉलीत पोत्यांवर एक शेतकरी तोंडावर पंचा टाकून गाढ झोपला होता. गाडी पुढे सरकेना. ती समोर बघत होती, मीही समोरच बघत होते.

"आई, एक सांगू?"

माझ्या आत शहाणी ताडकन उठून बसली. पदर खोचून तयार.

"हं," मी म्हटलं.

"मी रोज शाळेच्या गेटाबाहेर गाडी लावते आणि उतरत नाही. नुसती बसून राहते. मग घंटा होते, मग धावत जाते."

"हं."

"कारण काहीच नाहीये. तीच तर मुसीबत आहे. शाळा चांगली आहे. हे चांगले आहेत. पिल्लू तिकडे मजेत आहे. तुम्ही… तुम्हीपण ठीकच आहात."

'ठीकच' मी गिळलं. मोठा घास होता.

"तापात तोंडाची चव जाते ना, तसं सगळ्याचंच झालंय. खाते, हसते, शिकवते, चव नाही लागत. आणि वाटतं, ही सगळी माझीच नौटंकी आहे. लोकांना केवढी दुःखं असतात, मला काय झालंय?"

ट्रॉली हलली. आम्ही हललो नाही. मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेना. तिने गाडी कडेला एका कडुलिंबाखाली घेतली, स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि रडायला लागली. मोठ्याने. गाडीत मोरी नव्हती, नळ नव्हता, कांदे नव्हते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तोंड मिटून बसले. माझ्या आयुष्यात मी केलेल्या कष्टाच्या कामांत ते एक धरायला हरकत नाही. शहाणी आत नुसती थयथयाट करत होती: प्राणायाम सांग! मोरावळा सांग! निदान देवाचं तरी काहीतरी सांग!

ती जरा शांत झाल्यावर मी एकच विचारलं. सल्ला नव्हता तो. विचारायला हवंच होतं.

"जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का गं? वाटत असेल तर सांग. मी घाबरणार नाही."

"नाही आई. तेवढं नाही. खरंच नाही." मग नाक पुसत म्हणाली, "आमच्या शाळेत मुलांशी बोलायला एक काउन्सेलर येतात. त्यांनी मला डॉक्टरांचा नंबर दिलाय. मनाच्या. महिना झाला, फोनमध्ये तसाच आहे. म्हटलं, घरात कळलं तर… तुम्ही काय म्हणाल…"

मी काय म्हणाले असते हे मला पाठ होतं. शहाणी ते घोकतच बसली होती: मनाचा डॉक्टर म्हणजे तोच ना तो? आपल्या घरात? लोक काय म्हणतील? मी तिला म्हटलं, बस खाली, मेले. तुझा नळ सगळ्यांना ऐकू येत होता.

"लाव फोन," मी म्हटलं.

"आत्ता?"

"मग कधी? गहू निवडून झाल्यावर?"

रडता रडता तिला हसू आलं. फोन लागला, वेळ मिळाली. नंतर आम्ही गहू घेतला, तो मी दाणा दाताखाली न धरताच घेतला. जन्मात पहिल्यांदा. त्या वर्षी पोळ्या चिवट झाल्या. ह्यांनी तक्रार केली. मी म्हटलं, "हं."

डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. "या आई, पण आत नको," असं तिने आधीच सांगितलं होतं. मी बाहेर बसले. समोर एक गृहस्थ पेपर उघडून त्यामागे लपले होते. पेपर उलटा नव्हता एवढंच. पण पेपराच्या खालून दिसणारी चप्पल मी ओळखली. आमच्या भजनी मंडळात तबल्याला बसतात ते, गेली कित्येक वर्षं.

"नमस्कार," मी म्हटलं.

पेपर सावकाश खाली आला. "अरे, वहिनी! मी आपला… गुडघ्यासाठी आलो होतो."

"मीपण," मी म्हटलं. "फार दुखतात हो."

तिथे गुडघ्याचा डॉक्टर नव्हता. भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटी होती. आम्ही दोघंही तिच्याकडे न बघता बसून राहिलो. त्यांचा नंबर आला तेव्हा उठता उठता ते वाकून हळूच म्हणाले, "वहिनी, बरं वाटतं हो इथे." आणि टुणकन उडी मारल्यासारखे आत गेले. त्या गुडघ्यांनी!

सून बाहेर आली ती चेहरा धुऊन आल्यासारखी. डॉक्टर म्हणाल्या होत्या, हा आजार आहे, आळस नाही, नौटंकीही नाही. कारण सापडलंच पाहिजे असं नाही. औषधाला काही आठवडे लागतील, आणि बोलायला येत राहायचं. मुलाने घरी आल्यावर विचारलं, "पण नेमकं काय बिघडलंय?" इंजिनीअरच तो, त्याला पार्ट दाखवायला हवा. तिने त्याला समोर बसवून सांगितलं. त्याने फोन उलटा ठेवला आणि ऐकलं. ह्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठून तिच्यासाठी चहा करायला लागले. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला कधी पाणी तापवून दिलं नव्हतं! चहा म्हणावा असा तो नव्हता, पण ती रोज पूर्ण प्यायची.

लगेच काही दिवे लागले नाहीत. जूनमध्ये बरी वाटली, जुलैत पुन्हा पलंगाच्या कडेला बसलेली दिसली.  शहाणी म्हणाली, बघ, सांगत नव्हते? पण सून स्वतःच म्हणाली, "आई, आज दिवस वाईट आहे. उद्याचं उद्या बघू." आणि उशीला पाठ टेकून डोळे मिटून पडून राहिली. मी शेजारी बसून भाजी निवडली. पुढच्या आठवड्यात ती शाळेतून आल्या आल्या म्हणाली, की आज गाडी लावली आणि सरळ आत गेले. वर्गात पोचल्यावर लक्षात आलं की बसायचं विसरले.

मला वाटलं होतं, तिला आमच्या भिशीत घेऊ. वहिनींनी मला वेड्यात काढलं. "सासू समोर बसलेली असताना सून काय गाऱ्हाणं सांगणार? हवामानाचं?" खरंच होतं. पण नंतर कळलं की तिने शाळेतल्या शिक्षिकांची वेगळी भिशी काढली आहे, अगदी आमच्याच नियमांवर. तिथे तिची चिठ्ठी निघते तेव्हा मुख्य गाऱ्हाणं माझंच असतं, असंही कळलं. तपशील कळला नाही. नियम कडक आहेत. मला इतका अभिमान वाटला की मी त्यांच्यासाठी वड्या करून पाठवल्या. परत आलेल्या डब्यात चिरोटे होते, तेवढंच.

आणि मग दिवाळीच्या आधीचा तो रविवार.

आमच्या बैठकीत एक शोकेस आहे. काचेचं, भिंतभर, क्वार्टरमधून आणलेलं. त्यात पितळी हत्ती, ह्यांना कारखान्यात मिळालेल्या ढाली, मुलाची शाळेतली बक्षिसं, एक तोंड नसलेली जपानी बाहुली. साफसफाई चालली होती. मी स्टुलावर बसून हत्ती पुसत होते. सून दारात येऊन उभी राहिली. कमरेवर हात.

"आई, हे शोकेस इथून जाणार."

"कुठे?"

"भंगारात. नाहीतर गच्चीवर. मला इथे खिडकीपाशी बसायची जागा करायची आहे."

"माझ्या मेल्यावर कर."

"प्रत्येक गोष्टीत तुमच्या मेल्यावर काय? तेव्हापर्यंत मी काय या बाहुलीचं तोंड बघत बसू? तिला तोंडच नाहीये!"

"ती बाहुली जपानची आहे!"

"तर जपानला पाठवा! आई, तुम्ही ना, हद्द करता. वीस वर्षं मी या हत्तींची धूळ पुसते आहे. वीस वर्षं! मला एकदा कुणी विचारलं, की बाई, तुला हत्ती आवडतात का?"

तिचा आवाज असा चढला की मुलगा दाढीचा फेस घेऊन बाहेर धावत आला. ह्यांनी घाईघाईने कानात यंत्र बसवलं आणि पहिलंच वाक्य ऐकून लगेच काढलं. गेलं अख्खं वर्ष या मुलीने घरात कशाबद्दल मत दिलं नव्हतं; पडदे कुठले, भाजी कुठली, कशाचंच नाही. आणि आता ती लालबुंद होऊन माझ्या हत्तींना नावं ठेवत होती, शोकेसच्या काचेवर बोट आपटून खिडकी किती मोठी, ऊन कुठून येतं, तिथे कुंड्या कुठे मांडायच्या ते मला सांगत होती. माझे डोळे भरून आले. मी ते हत्तीच्या फडक्यानेच पुसले.

"आई, रडू नका हं! रडून काही होणार नाही!" ती आणखी भडकली.

"रडतंय कोण? मी तर म्हणते, हात लावून दाखव शोकेसला!"

"लावणारच!"

"लाव!"

मुलगा हळूच मला म्हणाला, "आई, जाऊ दे ना, कशाला ताणतेस? तिची तब्येत…" मी त्याला डोळ्यांनी दटावलं. तब्येतच तर बघत होते मी. शोकेस गेलं तर जाऊ दे, त्या बाहुलीला मीसुद्धा कंटाळले होते, आणि खिडकीपाशी ऊन चांगलं येतं हेही खरं होतं. पण इतक्यात कबूल कशाला करू? तिचा गळा आत्ता कुठे तापला होता. मी स्टुलावर नीट सरसावून बसले आणि म्हटलं, "आणि त्या ढाली? त्यांना कोण हात लावतं ते मी बघते!"